इनक्लोजर अवॉर्ड वाचताना कोणाचं नाव नाही ते आधी पाहा

पीटरबरोच्या बाजूच्या एका खेड्यात जुनं घर घेतलेल्या गृहस्थांनी विचारलंय: घराच्या कागदपत्रांत ‘इनक्लोजर अवॉर्ड’चा उल्लेख आहे. गावातले एक आजोबा सांगतात की गावाचं गायरान जमीनदारांनी पार्लमेंटकडून कायदा करून घेऊन लाटलं. शेजारचा शेतकरी म्हणतो, तसं झालं नसतं तर इथली शेती सुधारलीच नसती. यातलं खरं काय? तो अवॉर्ड कुठे बघायचा, कसा वाचायचा? आणि घरामागच्या पायवाटेवरच्या फाटकाला हल्ली कुलूप लागलंय, त्या वाटेचं काही त्यात सापडेल का?

मी इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या अभिलेखागारात नकाशे आणि जमिनीचे दस्तऐवज सांभाळते. येणाऱ्यांना असले अवॉर्ड, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या वाटपाचे निवाडे, काढून देणं आणि वाचायला मदत करणं हे माझं रोजचं काम. प्रश्न वरवर तीन दिसतात, पण त्यांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे. त्या गावात हक्क कोणाचा मानला गेला, आणि कशाच्या आधारावर? एवढं कळलं की आजोबा बरोबर की शेतकरी, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. पायवाटेचं उत्तरही त्याच कागदातून निघतं.

सुरुवात मालकीपासून करू. गायरान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती सरकारच्या मालकीची, ग्रामपंचायतीच्या देखरेखीखालची, गावाच्या वापराची जमीन. इंग्लंडमधली सामाईक जमीन तशी नव्हती. ती सरकारची नव्हती, गावाच्या मालकीची नव्हती आणि बेवारस तर मुळीच नव्हती. माती मॅनरच्या लॉर्डची, म्हणजे तिथल्या जहागिरीच्या मालकाची. त्या मातीवर इतरांचे ठरावीक हक्क: गुरं-मेंढ्या चारायचे, सरपणाला झुडपं तोडायचे, दलदलीतून जळणाचं पीट कापायचे, रानात डुकरं सोडायचे, कुठे कुठे मासे धरायचेसुद्धा. लॉर्ड मालक असला तरी हे हक्क त्याला आपल्या मर्जीने पुसता येत नसत. तेराव्या शतकातल्या मर्टनच्या कायद्याने त्याला पडीक रानाला कुंपण घालायची मुभा दिली होती, पण हक्कदारांच्या गुरांना पुरेल एवढी चराई शिल्लक ठेवूनच.

शिवाय सामाईक म्हणजे नुसतं माळरान नव्हे. तुमच्याकडच्या पट्ट्यात, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागात, पेरणीखालचं शिवारही वर्षातले काही महिने सामाईक असे. गावाभोवती दोन-तीन प्रचंड मोठी उघडी शेतं, त्यांत शेकडो लांबट पट्ट्या, आणि एकेका कुटुंबाच्या पट्ट्या साऱ्या शिवारभर विखुरलेल्या. एक शेत आळीपाळीने पडीक. कापणी झाली की त्या उभ्या-आडव्या पट्ट्यांवर साऱ्या हक्कदारांची गुरं सुटायची. पीक ज्याचं त्याचं, मागचं खुंट-गवत सगळ्यांचं. कोणी किती जनावरं सोडायची याचा आकडा मॅनरच्या सभेत ठरे, जास्त सोडली तर दंड, भटकलेलं जनावर कोंडवाड्यात. तेव्हा ‘कोणीही यावं आणि चारावं’ असा मोकाट कारभार तिथे नव्हता.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टनला जा. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तिथली तीन उघडी शेतं आजही कसली जातात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर गावाची ज्युरी शिवारात फिरून कोणी वाटेत नांगर घातलाय का ते पाहते. त्या गावाचा १६३५ चा सुंदर नकाशाही आहे. तिथे एक दुपार घालवली की नंतर अवॉर्डमधला शब्दन् शब्द जमिनीवर दिसायला लागतो.

मग इनक्लोजर म्हणजे नेमकं काय झालं? एकाच झटक्यात दोन गोष्टी झाल्या. विखुरलेल्या पट्ट्या गोळा करून प्रत्येक मालकाला एकसलग तुकडा दिला. आणि त्या साऱ्या क्षेत्रावरचे सामाईक हक्क कायमचे रद्द केले. पहिला भाग आपल्याला ओळखीचा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानंतर महाराष्ट्रात एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि ‘आमची काळी गेली, मुरमाड गळ्यात पडली’ या भांडणांनी तहसील कचेऱ्या भरल्या. तसली भांडणं इथेही झाली. पण आजोबांचा राग दुसऱ्या भागावर आहे, आणि एकत्रीकरणाच्या अनुभवावरून तो भाग समजत नाही.

तिथे कळीचा मुद्दा असा की सामाईक हक्क माणसाला चिकटलेला नसे. तो एक तर जमिनीला चिकटलेला असे, म्हणजे इतक्या एकरांमागे इतक्या मेंढ्या. किंवा गावातल्या काही ठरावीक जुन्या घरांना. त्या घरात राहणाऱ्याला गाय सोडता येई. आता ते घर भाड्याचं असेल, आणि बरीचशी भाड्याचीच असत, तर गाय भाडेकरूची, पण कायद्याच्या नजरेत हक्क घरमालकाचा. तिसरा वर्ग होता नुसत्या वहिवाटीवर जगणाऱ्यांचा. रस्त्याकडेच्या गवतावर एखादं जनावर, माळावर चार बदकं, थंडीत झुडपांची मोळी. पिढ्यान् पिढ्या चाललेलं, कोणी अडवलेलं नाही, पण कागद काही नाही.

इनक्लोजरमध्ये पहिल्याला जमिनीबद्दल जमीन मिळाली. दुसऱ्या प्रकारात भरपाईची जमीन घरमालकाला मिळाली आणि गाय पाळणाऱ्या भाडेकरूच्या हाती काही आलं नाही. तिसऱ्याचा तर विचारच झाला नाही. म्हणून माझ्याकडे कोणी अवॉर्ड मागायला आलं की मी सांगते, कोणाला किती एकर मिळाले ते नंतर मोजा. त्या वर्षीचे गावातले बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदवहीतली मजुरांची आडनावं घ्या आणि त्यातली किती अवॉर्डमध्ये दिसतात ते बघा. न दिसणारी नावं हीच खरी माहिती.

आता ‘कायदा करून घेतला’ यात तथ्य किती ते पाहू. पूर्ण तथ्य आहे. १६०४ साली डॉर्सेटमधल्या रॅडिपोलसाठी असा पहिला कायदा झाला, आणि तिथपासून १९१४ पर्यंत ५,२०० हून जास्त कायदे झाले. त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन आली, म्हणजे इंग्लंडच्या एकूण क्षेत्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडी अधिकच. गावातले मोठे मालक वकील गाठून पार्लमेंटकडे अर्ज करत. १७७४ पासून नियम आला की आधी ऑगस्ट-सप्टेंबरमधले तीन रविवार चर्चच्या दारावर नोटीस लावलीच पाहिजे. त्याआधी कित्येक गावांना बेत कळायचा तो उशिराच. संमती मोजायची ती डोकी धरून नव्हे, जमिनीची किंमत धरून. साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश किमतीची संमती असली की काम पुढे सरके. चार मोठे मालक ‘हो’ म्हणाले आणि चाळीस लहान ‘नाही’ म्हणाले तरी कायदा होऊ शकत असे. १८०१ च्या सर्वसाधारण कायद्याने प्रत्येक वेळी लागणारी ठरावीक कलमं एकत्र केली आणि १८४५ च्या कायद्याने कायमस्वरूपी आयुक्त नेमले, पण तोवर देशाच्या मध्यभागातलं बरंचसं काम उरकलं होतं.

कायदा मंजूर झाला की कमिशनर येत, बहुधा तिघे. एक लॉर्डच्या बाजूचा, एक दशमांशाच्या, म्हणजे शेती-उत्पन्नाचा दहावा हिस्सा घ्यायच्या हक्काच्या, मालकाचा, एक बाकीच्यांचा. त्यांच्याबरोबर मोजणीदार आणि कारकून. गावातल्या खानावळीत बैठक बसे, प्रत्येकाने आपला दावा लेखी द्यायचा, त्यावर इतरांनी हरकती घ्यायच्या. दावा शाबीत करायला खरेदीखत नाहीतर मॅनरच्या दप्तरातली नोंद लागे. माळावर झोपडी बांधून राहिलेल्यांचं अतिक्रमण वीसेक वर्षांपूर्वीचं असेल तर बहुधा मान्य होई, ताजं असेल तर ती जागा वाटपात धरली जाई.

वाटपही आधी वरून सुरू व्हायचं. दशमांशाच्या मालकाला, मग तो पाद्री असो, एखादं कॉलेज असो की मोठा जमीनदार, दशमांश कायमचा रद्द करण्याच्या बदल्यात साधारण पेरणीच्या जमिनीचा पाचवा आणि गवताळ जमिनीचा नववा हिस्सा. लॉर्डला मातीच्या हक्काबद्दल पडीक जमिनीचा सोळावा ते विसावा. रस्त्यांची जागा, रस्ते दुरुस्तीसाठी दगड-मुरमाची खाण, कधी गरिबांच्या सरपणासाठी एक तुकडा. उरलेलं बाकीच्या मालकांत. शिवाय कमिशनर, वकील, मोजणी, रस्ते असा सगळा खर्च त्याच मालकांच्या डोक्यावर, आणि दशमांशवाल्याचं कुंपणसुद्धा बहुतेक वेळा इतरांनी घालून द्यायचं.

लहान मालकाचं कंबरडं मोडलं ते कुंपणाने, आणि हे कागदावर चटकन दिसत नाही म्हणून गणित करून दाखवते. एक एकराचा चौरस तुकडा घ्या: चारी बाजू मिळून सुमारे ८३५ फूट. सोळा एकरांचा चौरस घ्या: सुमारे ३,३४० फूट, म्हणजे एकरी २०९. लहान मालकाला एकरी चौपट कुंपण, आणि तुकडा लांबट निघाला तर त्याहून जास्त. काही बाजू शेजाऱ्याच्या वाट्याला जात, तरी प्रमाण बदलत नाही. कुंपण म्हणजे खंदक खणून हॉथॉर्नची रोपं लावायची आणि ती गुरांना अडवण्याइतकी वाढेपर्यंत काही वर्षं लाकडी खांब-दांड्यांनी राखायची. तेही कमिशनर सांगतील त्या मुदतीत. जुन्या हक्काच्या घराबद्दल एखाददुसरा एकर मिळालेल्या माणसाने काय करावं? तेवढ्या गवतावर गाय वर्षभर जगत नाही, वर कुंपणाचा खर्च. पुष्कळांनी शेजारच्या मोठ्याला विकून टाकलं. अवॉर्डमध्ये नाव आहे पण पाच-दहा वर्षांनी करपट्टीत नाही, असे लोक हेच.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जमीन बेकायदा हिसकावली गेली नाही, कायद्यानेच वाटली गेली, पण त्या कायद्याला फक्त शाबीत करता येणारी मालमत्ता दिसत होती, वापर दिसत नव्हता. आजोबा ‘लाटली’ म्हणतात ते न्यायालयात टिकणार नाही. पण ज्याची गाय गेली त्याच्या घरात बसून दुसरा कुठला शब्द सुचेल, हे मलाही सांगता येत नाही.

शेतकऱ्याचं म्हणणं खरं की खोटं हे मात्र गावागणिक बदलतं, आणि इथे सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इनक्लोजर कधी झालं? १७६०-७० च्या लाटेत मध्यभागातल्या चिकण मातीच्या गावांत नांगर थांबला आणि गवत आलं. मेंढ्या-गुरांना मजूर कमी लागतात, तेव्हा तिथे कामही घटलं. १७९३ ते १८१५ च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धकाळात धान्याचे भाव चढले म्हणून उलट माळ नांगराखाली आले. गावात मुळात माळ किती होता? जिथे सगळी पेरणीची पट्टीच होती तिथे गरिबाचं गेलं ते प्रामुख्याने कापणीनंतरच्या चराईचं. जिथे मोठी दलदल किंवा हीथ, म्हणजे झुडपी माळ, होतं तिथे त्याचं सरपण, चारा, बदकं, सगळंच गेलं. मालक किती होते? सगळं गाव एका जमीनदाराचं असेल तर कायद्याशिवाय, नुसत्या आपसातल्या कराराने शंभर-दोनशे वर्षं आधीच काम उरकलेलं असायचं. केंट, एसेक्स, डेव्हनसारख्या भागांत तर मोठी उघडी शेतं मुळात कमीच. जमिनीचा खंड वाढला यावर इतिहासकारांचं एकमत आहे. उत्पन्न किती वाढलं, आणि ते कुंपणामुळे की इतर कारणांनी, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. माझ्यापुरतं मत विचाराल तर खंडातली वाढ आणि उत्पन्नातली वाढ एकच समजून बोलणारे लोक शेतकऱ्याच्या बाजूला जास्त आहेत.

त्या काळातल्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. राँड्स हे नॉर्थॅम्प्टनशायरमधलं, तुमच्या बाजूचंच गाव. तिथल्या छोट्या मालकांनी आणि हक्कदारांनी १७९७ मध्ये पार्लमेंटकडे विरोधाचा अर्ज दिला. त्यात त्यांनी सरळ लिहिलं की सुधारणेच्या नावाखाली आमच्या गायी-मेंढ्यांचा आधार जाईल आणि माणसं गाव सोडून शहरांत लोटली जातील. बिल तरीही मंजूर झालं. त्याच काउंटीतल्या वेस्ट हॅडनला १७६५ च्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या सामन्याची जाहिरात चक्क वर्तमानपत्रात देऊन माणसं जमवली. सामना सुरू झाला आणि जमावाने नवी कुंपणं उपटून जाळली. ऑक्सफर्डशायरमधल्या ऑटमूरच्या दलदलीसाठी १८१५ मध्ये कायदा झाला; १८३० मध्ये लोकांनी कुंपणं मोडली, पकडलेल्या चाळीसेक जणांना ऑक्सफर्डला नेत असताना तिथे सेंट जाइल्सची जत्रा भरली होती, आणि जत्रेतल्या गर्दीने त्यांना सोडवलं. आर्थर यंग हा तर शेती-सुधारणेचा सगळ्यात मोठा प्रचारक, सरकारी कृषी मंडळाचा सचिव. त्यानेच १८०१ मध्ये लिहिलं की इनक्लोजरच्या वीसपैकी एकोणीस बिलांनी गरिबांचं नुकसान झालं. त्याचं म्हणणं इनक्लोजर थांबवा असं नव्हतं, गरिबांना जमीन देऊन करा असं होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

तुमच्या शेजारचं उदाहरण म्हणून हेल्पस्टन घ्या. आजूबाजूच्या मॅक्सी, नॉर्थबरो, ग्लिंटन, एटन या गावांसकट १८०९ मध्ये एकच कायदा झाला आणि अवॉर्ड लागला १८२० मध्ये. मधली अकरा वर्षं शिवारात मोजणी, नवे रस्ते आणि कुंपणं चालली होती. कवी जॉन क्लेअर याच गावचा, १७९३ चा जन्म. म्हणजे कायदा झाला तेव्हा सोळाच्या आसपासचा, अवॉर्ड लागला तेव्हा सत्ताविशीचा. बाप मळणीच्या कामावरचा मजूर, घर भाड्याचं. वर सांगितलेल्या हिशेबात अशा कुटुंबाच्या पदरात पडण्यासारखं काही नव्हतं. गावाबाहेरची स्वॉर्डी वेल ही जुनी दगडखाण रस्त्यांच्या दगडासाठी पॅरिशकडे, म्हणजे चर्चला जोडलेल्या गावकारभाराकडे, गेली. क्लेअरने त्या जमिनीच्याच तोंडून बोलणारी एक कविता लिहिली आहे. आज तिथे निसर्ग-राखीव क्षेत्र आहे, तुम्हाला सायकलने जाता येईल.

आता अवॉर्ड शोधायचा कसा. तुमचा पट्टा आज केंब्रिजशायरमध्ये धरतात म्हणून लोक केंब्रिजला जाऊन हात हलवत परत येतात. त्या काळी सोक ऑफ पीटरबरो हा भाग नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये होता, तेव्हा आधी नॉर्थॅम्प्टनच्या अभिलेखागारात विचारा, मग पीटरबरोला. शोधताना फक्त तुमच्या गावाचं नाव टाकू नका. हेल्पस्टनसारखं पाच-सहा गावांचं एकत्र काम झालं असेल तर नोंद दुसऱ्याच गावाच्या नावाने असते. अवॉर्डच्या बहुधा दोन प्रती असत: एक काउंटीच्या दप्तरी, एक पॅरिशच्या पेटीत. दोन्हींत फरक क्वचित असतो, पण नकाशा एकीबरोबर टिकलेला आणि दुसरीचा गहाळ, असं वरचेवर दिसतं.

पुढ्यात येईल तो चामड्याच्या मोठमोठ्या पानांचा शिवलेला गठ्ठा. परिच्छेद नाहीत, विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. घाबरू नका, रचना ठरलेली आहे: आधी कायद्याचा हवाला आणि कमिशनरांची शपथ, मग रस्ते, मग खाणी, मग लॉर्ड आणि दशमांश, मग एकेक मालक. प्रत्येक नोंदीत कोणाला, कशाच्या बदल्यात, किती, चतुःसीमा काय, आणि कोणत्या बाजूचं कुंपण कोणी घालायचं, एवढं असतंच. ‘कशाच्या बदल्यात’ हे शब्द सोडू नका. तुमचं घर जुन्या हक्काचं होतं की नाही हे तिथेच कळतं. क्षेत्र तीन रकान्यांत असतं: एकर, रूड, पर्च. मराठी माणसाला हे इथल्या लोकांपेक्षा सोपं जातं. एकराचे चार रूड, म्हणजे रूडला दहा गुंठे. एकराचे १६० पर्च, म्हणजे चार पर्चचा बरोबर एक गुंठा. दोन्हीकडची मापं एकाच इंग्रजी साखळीतून आली आहेत: साखळी ६६ फुटांची आणि गुंठा तिच्या अर्ध्याचा, ३३ फूट बाय ३३ फूट.

एकट्या अवॉर्डवर मात्र थांबू नका. मिळाली तर कमिशनरांची बैठकवही आणि दाव्यांची यादी मागा. फेटाळलेले दावे आणि हरकती तिथेच सापडतात. त्यानंतर जमीन-कराच्या वार्षिक याद्या, साधारण १७८० ते १८३२ पर्यंतच्या. कायद्याच्या पाच वर्षं आधीची, अवॉर्डच्या वर्षाची आणि दहा वर्षांनंतरची, अशा तीन याद्या शेजारी ठेवा. मालक कोण, वहिवाटदार कोण हे दोन्ही त्यांत असतं, त्यामुळे लहान मालक कुठे गळाले ते दिसतं. अगदी छोटे लोक करातून सुटलेले असल्यामुळे या याद्यांतही येत नाहीत, ते लक्षात ठेवा. दशमांशाचा १८३६ नंतरचा नकाशा सापडला नाही तर शंका घेऊ नका. इनक्लोजरमध्येच दशमांश मिटवला असेल तर तो नकाशा काढायचं कारणच उरत नाही.

गरिबांच्या सरपणासाठी तुकडा ठेवला असेल तर त्याचा मागही काढा. बहुतेक ठिकाणी तो पाद्री आणि पॅरिशच्या कारभाऱ्यांच्या ताब्यात गेला, त्यांनी तो खंडाने दिला आणि त्या पैशाने हिवाळ्यात कोळसा वाटला. जे झुडूप स्वतःच्या हाताने तोडून आणायचं, त्याच्या बदल्यात ओळीत उभं राहून पोतं घ्यायचं, तेही वागणूक चांगली असेल तर. अशा काही धर्मादाय संस्था आजही चालू आहेत, त्यांची जुनी हिशेबवही कधीकधी अवॉर्डपेक्षा जास्त बोलकी असते.

जमिनीवरही पुरावा आहे. हिवाळ्यात ऊन तिरपं असताना गावाबाहेरच्या जुन्या गवताळ शेतात उभे राहा. जुन्या नांगरटीचे लांब वरंबे दिसतील, टोकाला किंचित वळलेले, कारण बैलांची लांबलचक जोडी वळवायला जागा लागायची. ते वरंबे एखाद्या सरळसोट कुंपणाखालून पलीकडच्या शेतात तसेच गेलेले दिसले, की कुंपण नंतरचं, मोजणीदाराच्या पट्टीने आखलेलं. ‘कुंपणात जितक्या जातींची झाडं तितकी शतकं’ हा आडाखा कोणीतरी तुम्हाला सांगेलच. त्यावर फार विसंबू नका, काही कुंपणं लावतानाच मिश्र लावली होती.

राहिली पायवाट. आधी अभिलेखागारात धावू नका. तुमच्या कौन्सिलकडे सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा असतो. वाट त्यावर असेल तर विषय संपला. कुलपाची तक्रार वाटांच्या अधिकाऱ्याकडे करा, ते काढायला लावणं कौन्सिलचं काम आहे. वाट नकाशावर नसेल तर अवॉर्ड महत्त्वाचा. एकदा सार्वजनिक झालेली वाट रीतसर बंद केल्याखेरीज सार्वजनिकच राहते, मग तिच्यावरून कोणी शंभर वर्षं चाललं नसलं तरी. पण अवॉर्डमधली प्रत्येक वाट सार्वजनिक नसते. कित्येक वाटा फक्त शेजारच्या दोन-चार मालकांना शेतात जायला दिलेल्या खासगी आहेत. उलट, ज्या जुन्या वाटा अवॉर्डमध्ये आखल्या नाहीत त्या १८०१ च्या कायद्याखाली रद्द झाल्या असंही होऊ शकतं. त्या कायद्याने कमिशनरांना नव्या सार्वजनिक पायवाटा आखायचा अधिकार दिला होता का, यावर बराच काळ उलट निकाल लागू होता. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ‘होता’ असं ठरवलं. म्हणून १८०१ नंतरच्या अवॉर्डमधल्या वाटांना आता पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे, आणि तुमच्या शेजारच्या हेल्पस्टनचा अवॉर्ड त्याच काळातला आहे.

पुरावा मिळाला तर १९८१ च्या कायद्याखाली अधिकृत नकाशा दुरुस्त करायचा अर्ज कौन्सिलकडे करता येतो. अवॉर्डची वाट आणि आज लोक चालतात ती वाट तंतोतंत जुळते का, हे ऑर्डनन्स सर्व्हेच्या १८८० च्या आसपासच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर ताडून बघा. दहा-वीस यार्डांचा फरक असला तरी शेतमालकाचा वकील तोच धरून बसेल. अवॉर्ड काहीच बोलत नसेल तर वीस वर्षांच्या अखंड, उघड वापराचा दुसरा मार्ग आहे, आणि त्यासाठी गावातले ते आजोबा तुमचे सर्वांत उपयोगी साक्षीदार ठरतील. त्यांचं म्हणणं आताच लिहून, तारीख घालून, सही करून घ्या. जुन्या कागदांवरच्या दाव्यांसाठी शेवटच्या मुदतीचे नियम मधूनमधून बदलत आले आहेत, ते कौन्सिलला विचारून घ्या. आणि अर्ज निकाली निघायला वर्षं लागतात हेही धरून चाला.

जाण्याआधी फोन करून नकाशाची वेळ घ्या, मोठे नकाशे पसरायला वेगळं टेबल लागतं. पेन आत चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो परवानगीने काढता येतात. काढाल तेव्हा वाटेच्या नोंदीचाच नको, रस्त्यांच्या संपूर्ण भागाचा आणि सुरुवातीच्या कायद्याच्या हवाल्याचाही काढा. नोंदीचे शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवलेत तर ती वाट सार्वजनिक म्हणून दिली होती की खासगी, हे मी वाचून सांगेन.